समक्ष पाहिले

मी, बँकेचा निवृत्त कर्जतपासनीस, वय चौसष्ट, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. कोणाची बळजबरी नाही. भीती मात्र आहे आणि ती मी लपवत नाही.

१. राहते घर पत्नीला, तिच्यामागे मुलीला. स्वयंपाकघरातला नळ गळतो. तो दुरुस्त करायचा राहूनच गेला.

२. माझी विजेरी मुलीला. तिच्या उजेडात मी यंत्रांचे नंबर वाचत असे. तारण ठेवलेल्या यंत्राला हात लावायचा, नंबर उतरवून घ्यायचा आणि मगच 'समक्ष पाहिले' लिहून सही करायची, असा आमचा शिरस्ता होता. पुढे कर्जवाटप वाढवायच्या नादात वरिष्ठांनी फोटो चालवून घेतला, मग जुना फोटोही. मीही खुर्चीतून उठेनासा झालो.

३. त्या वेळचे शाखाधिकारी, ज्यांना आम्ही पाठीमागे 'मंजूरसाहेब' म्हणायचो, त्यांना काहीही नाही. नियम त्यांनी सैल केले, पण सही माझी होती.

४. निवृत्तीला दोन महिने असताना चार कारखानदारांनी एकाच यंत्राचा फोटो तारण म्हणून दिला. कोपऱ्यावरचा पोचा मला चारही फोटोंत दिसला. मी मूग गिळून बसलो. दुसरी सही माझ्या मुलीची लागायची, ती तेव्हा शाखेत नवीन होती. तिने विचारले, "बाबा, तुम्ही जाऊन पाहिलंत ना?" मी म्हणालो, "पाहिलंय गं, कर सही."

चारही कर्जे बुडाली. आता नियम कडक झालेत, जुन्या फायली उघडल्या जात आहेत. सोमवारी तिला चौकशीला बोलावले आहे. काल म्हणाली, "घाबरू नका बाबा. तुम्ही पाहिलं होतं, तेच सांगेन मी." मला तुरुंगाची भीती वाटते. तिला हे कळेल, याची त्याहून जास्त वाटते.

५. मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात. तोवर तिची नोकरी जाईल. म्हणून चौथ्या कलमाची प्रत आजच बँकेत द्यावी. साक्षीदारांनी वाचल्याशिवाय सही करू नये.

स्थळ: राहते घर. दिनांक: १४ जून, शुक्रवार.

(सही)

साक्षीदार १, शेजारचे डॉक्टर: पूर्ण वाचले. प्रत मी नेऊन देतो.

साक्षीदार २, कोपऱ्यावरचा शिंपी: वाचले. काकांनी चौथे कलम मुलीला स्वतः वाचून दाखवले. ती विजेरी तेवढी घेऊन गेली. समक्ष पाहिले.