कडुलिंबाची मेढ

रोहणा,
जून २००६

तीर्थस्वरूप रूपराव मामाजींना गजेंद्रचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. पुलगावला सगळे खुशाल असतील. मामींचा गुडघा आता जिना चढू देतो का? इकडे आई बरी आहे, बाबा दुकानात आहेत, बकरीही ठणठणीत आहे. मी तेवढा बरा नाही.

बी.एस्सी.चा निकाल तुमच्या कानावर आलाच असेल. गणितात कॉलेजात पहिला आणि पर्यावरणात नापास. हा पेपर सर्वांना सक्तीचा. तो निघाल्याशिवाय पदवी नाही, आणि पदवीशिवाय नागपूरची एम.एस्सी. नाही. ज्याला जन्मभर गणितच करायचं त्याला झाडं कशाला लावायला लावतात, असं मी बाबांना विचारलं. (चूक झाली. दुकानदाराला तत्त्वाचे प्रश्न विचारू नयेत.) ते म्हणाले, "दुकानात नुसता गूळच ठेवला तं गिऱ्हाईक मिठासाठी दुसरीकडं जाते. अन् मंग गूळई तिथूनच नेते." हे मला पटतं, म्हणून जास्तच राग येतो.

झालं असं, की प्रत्येकानं एक झाड लावून वर्षभर त्याची वाढ मोजायची होती. मी अंगणात कडुलिंब लावला. दसऱ्याच्या सुमारास तो बकरीनं खाल्ला. पण तोवर वाढीचा वेग माझ्या हाती आला होता, तेव्हा मी आलेख मार्चपर्यंत रीतसर पुढे नेला. (नुकसान झाडाचं झालं होतं, गणिताचं नव्हे.) आलेख इतका सुबक निघाला, की आमचे पर्यावरणाचे सर खूश होऊन एप्रिलमध्ये झाड बघायलाच घरी आले. ते येणार हे आदल्या दिवशी कळलं. बाबांनी आलेखातल्या उंचीची फांदी आणून, लग्नात मांडवाची मेढ रोवतात तशी, अंगणात रोवली. इथवर ठीक होतं. पण रोवलेली मेढ दिसल्यावर आईचा हात थांबतो थोडाच! तिनं सवयीनं हळदकुंकू वाहिलं. सर भाविक. कुंकू दिसताच चपला काढून त्यांनी दर्शनाला हात लावला, आणि कडुलिंब त्यांच्या हातात आला.

सर रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फांदी उलटीसुलटी करून पाहिली आणि हळूच विचारलं, "गजेंद्र, याचे मुळं कुठी आहेत रे?"

तेव्हापासून कशातच जीव लागत नाही, मामाजी. सकाळी गणिताचं पुस्तक उघडतो आणि तसंच मिटतो. खरं सांगतो, रडू येतं. बाकी सर्व क्षेम.

आपला भाचा,
गजेंद्र

ता. क. : बाबा मला दसऱ्यापासून कायमचं गल्ल्यावर बसवणार आहेत. ते तुमच्याशिवाय कोणाचं ऐकत नाहीत. तो पेपर पुन्हा देऊ द्या आणि मग पोराला नागपूरला जाऊ द्या, एवढं त्यांना येऊन सांगाल का? पत्रानं भागणार नाही.

ता. क. २ : बकरीनं खाल्लेल्या खुंटाला परवा बुडातून पालवी फुटली. माझ्या आलेखात हे कुठंच बसत नाही. बकरी आता दावणीला बांधून ठेवतो. येताना कडुलिंबाला खत कोणतं घालतात तेवढं कोणाला तरी विचारून या. मला माहीत नाही.