आधी अंदाज

मॅडम,

कॉम्प्युटरवर लावलेला तो लांबलचक हिशोब, तो रन, आज दुपारी संपला. आठवडाभर घुरघुरणारा कॉम्प्युटर एकदम गप्प झाला आणि त्याच्याबरोबर घरही. पाण्यात धुळीहूनही बारीक नॅनोकण मिसळून ते तापलेल्या नळीतून सोडलं, तर उष्णता किती वाहून जाते आणि कण कुठे जातात, हे गणिताने काढायचं. तुम्ही गेलात तेव्हा अर्धं राहिलेलं तुमचं काम. उत्तराची फाइल समोर आहे आणि आधी अंदाज केल्याशिवाय मी ती उघडत नाहीये. माझा विद्यार्थी फोनवर वैतागला, "मॅडम, अंदाज कशाला? डायरेक्ट ग्राफ बघा ना!" त्याला हसून टाळलं. फोन ठेवल्यावर मात्र रडू आलं.

मुलुंडच्या तुमच्या स्वयंपाकघरात तुमची विद्यार्थिनी म्हणून मी पहिला रन घेऊन आले, ती दुपार. गॅसवर पेज रटरटते आहे, ओट्यावर माझा लॅपटॉप आहे आणि मी घाईघाईने उत्तराचं रंगीत चित्र उघडते. तुम्ही ओल्या हाताने स्क्रीन खाली दाबून बंद करता. "हे उत्तर आता मशीनचं झालं गं, तुझं नाही. आधी अंदाज केला नाहीस, तर मशीन चुकलंय हे तुला कळणार कसं?" माझं तोंड एवढंसं झालं. मग तुम्ही पातेल्याकडे बोट दाखवलंत. "सांग, पेज आधी कुठे लागेल? ढवळायचं नाही." मी म्हटलं, मधोमध. लागली कडेला, कारण तुमच्या शेगडीची ज्योत एकाच बाजूने मोठी होती. तुम्ही इतक्या खूश झालात की थेट मालवणीत शिरलात, "चुकलंस? बरा झाला. बस आता."

अंदाज चुकला की तुम्ही बसवून घ्यायचात. का चुकला ते शोधता शोधता संध्याकाळ व्हायची, पेज व्हायची, सोबत सुक्या जवळ्याची चटणी. बरोबर आला की मात्र, "झालं, जा घरी." मग बोरीवलीच्या बसमध्ये मी हिरमुसून बसायचे. घरी माझी वाट बघणारं कोण होतं? म्हणून पुढे पुढे, उत्तर माहीत असूनही, मी मुद्दाम चुकीचं सांगायचे. तुम्हाला ते कळलं होतं का, हे विचारायचं राहून गेलं. तुमच्या त्या फ्लॅटमध्ये आता दुसरे लोक राहतात, त्यामुळे हे पत्र पाठवायचा प्रश्नच नाही.

आत्ता माझ्या ओट्यापाशी उभी राहून मोठ्याने म्हटलं, "मॅडम, कण नळीच्या तापलेल्या भिंतीपासून दूर, गार बाजूला सरकले असतील. त्यामुळे आपण धरली होती तेवढी उष्णता जाणार नाही." मुद्दाम चुकीचं सांगावं असंही क्षणभर मनात आलं. मग फाइल उघडली.

अंदाज बरोबर आला, मॅडम. म्हणजे आता घरी जायचं. मी घरीच आहे.