आतून वळवलेले खिळे

३ तारीख, सोमवार
पोचलो एकदाचा. जागा झकास. होड्यांच्या शेडमागे खोली, खिडकीतून नदी, गादी नवी. हे माझं सातवं काम. मिस्त्रींनी आल्या आल्या नाव ठेवलं, भिंगरी. बुडाखाली स्प्रिंग आहे का विचारतात. पण या वेळी आईला शब्द दिलाय, अर्धं सोडून पळणार नाही. जुनी होडी दुरुस्त झाली की ताईच्या लग्नाला सुट्टी.

५ तारीख
होडी लाकडी, अरुंद, शंभरेक वर्षांची. कुणी बांधली हे तिच्या मालकाला जाणून घ्यायचंय. मिस्त्री म्हणतात, कारागीर खिळ्यावरून ओळखायचा. बाहेरचा माणूस हातोडी मारतो, आतला लोखंडी ठोकळा धरतो, त्यावर आपटून खिळ्याचं टोक वळतं. शाळेत अक्षरं कधी नीट लागली नाहीत, हे मात्र वाचता येतंय. प्रत्येक खिळ्याशेजारी बारीक चंद्रकोर उमटलीय. हातोडीचा टवका उडालेला असणार.

८ तारीख
पुढचा भाग पुरुषभर लांब, चहूबाजूंनी फळ्यांनी बंद. कुजलेल्या भोकातून बॅटरी मारली. तिथले खिळेही वळवलेत, शेवटच्या फळीचेसुद्धा. म्हणजे ती ठोकताना ठोकळा धरणारा आतच होता. मग तो बाहेर आला कुठून? शेडमध्ये होड्या रंगवणाऱ्या रंगारीकाकांना विचारलं. वाटलं, थट्टा करतील. ते म्हणाले, तिकीट काढ आणि जा. मग ब्रश धुवायला गेले.

९ तारीख
रंगारीकाका आले नाहीत. वरची फळी काढली. आत गंजका ठोकळा. फळीला आतून ओरखडे, नखांचे. हाड नाही, चिंधी नाही. मिस्त्री त्या ओरखड्यांवरून मायेनं हात फिरवत बसले.

११ तारीख
मिस्त्रींची हातोडी उचलून पाहिली. टवका उडालाय. चंद्रकोर तीच. म्हणाले, पणजोबांची. आमच्या घरात हातोडी बदलत नाही. मी विचारलं, आणि ठोकळा धरणारा? म्हणाले, तो दर वेळी नवा.

१२ तारीख
बॅग भरली. घरी फोन केला, निघतो म्हणालो. आईनं एवढंच विचारलं, हेही सोडलंस? ताईनं फोन घेतला आणि ठेवून दिला.
बॅग रिकामी केली.

१३ तारीख, सकाळ
वरची फळी पुन्हा बसवली, टोकाचे खिळे तेवढे उरले. माझे खांदे अरुंद, म्हणून ठोकळा धरायला मी आत सरकायचं. मागची आडवी फळी उघडी राहील, मिस्त्रींनी दोनदा सांगितलं. संध्याकाळी सुट्टी. वही खिशातच —

१३, आत
पायाशी उजेड होता. गेला. आडवी फळी बसवली त्यांनी. हाका मारतोय, ते ठोकतायत.
खिळ्यांच्या भोकांतून उजेड येतो. नऊ भोकं उरलीत.

ठोकळा खाली टाकला मी. तरी खिळा वळला. कुणीतरी धरलाय —

चार उरली.
गार बोटं. माझ्या बोटांवर. ढकलत नाहीत. कसं धरायचं ते दाखवतायत —

एकच उरलं. त्याला मिस्त्रींचा डोळा.
आई, पळालो नाही मी. काम अर्धं