दुसऱ्या भागाचं आवतन

बुधवार, ५ मार्च १९८६. बेलापूर गाव

ही वही घेऊन तीन महिने झाले. पहिल्या पानावर नाव घातलं, नंदकुमार, आणि मग कधी रिफिल संपली, कधी बसायला जागा नव्हती, कधी नुसताच कंटाळा. उद्या लिहू, उद्या लिहू. नववी नापास माणसाला लिहायचं म्हटलं की भूक लागते. पण आज लिहिणारच, कारण आज मी खूश आहे. नोकरी लागली, आणि तीही सिनेमाची.

गावाच्या टोकाला, खाडीच्या अंगाला, सितारामशेठचं व्हिडिओ सेंटर आहे. शेठ कालपरवापर्यंत शेतकरी. जमीन नव्या शहरात गेली, भाताचं कोठार रिकामं पडलं, त्यात त्यांनी टीव्ही आणि व्हिडिओ आणून ठेवला. खिडक्यांना गोणपाट, खाली सतरंज्या, मागे चार बाकडी. दुपारी तीनचा खेळ आणि संध्याकाळी सहाचा. नऊचा नाही, शेठना लवकर झोप येते. मी कॅसेट लावायची, मशीनचं हेड कापसाने पुसायचं, पट्टी गुंतली तर पेन्सिलीने सोडवायची. राहायला माळा.

माळ्यावरून एका बाजूला नवी कॉलनी दिसते, अर्ध्या इमारतींना भिंती, अर्ध्यांना नुसते खांब. दुसऱ्या बाजूला मिठागरं. मिठाचे ढीग मला लांबून पत्र्याची घरं वाटली, म्हणून बघायला गेलो. तिथे एका म्हाताऱ्याने मला चिखलातले निवटे मासे कसे धरायचे ते तासभर शिकवलं. एकही सापडला नाही. परत आलो तोवर तीनचा खेळ साडेतीनवर गेला होता. शेठ रागावले नाहीत. बरा माणूस.

रविवार, ९ मार्च

दर रविवारी तीनला इथे एकच सिनेमा लागतो, ‘मिठागरातली नवरी’. काळापांढरा, आठेक वर्षांचा, इथल्याच मिठागरांत काढलेला. लग्नाच्या दिवशी नवरी चिखलात जाते, मग भूत होऊन घरोघर फिरते. शेवटी एका दारासमोर उभी राहते, हळदीचा हात वर करते, दार करकरतं, आणि पाटी येते, ‘उरलेली कथा दुसऱ्या भागात’. पुढे पडद्यावर मुंग्या. दुसरा भाग कधी आलाच नाही.

पण वाट बघणारे आहेत. कान्हा गावचाच, न्हावा शेव्याला बंदराचं काम चाललंय तिकडे भरावाचा डंपर चालवतो. त्याला नवरीने मिठागराच्या ठेकेदाराला चिखलात ओढलेला बघायचाय, तोही सावकाश. धर्मराज परभणीकडचा, इथल्या कचेरीत क्लार्क. त्याला आधीची गोष्ट हवी. ती स्वतः गेली का कुणी लोटली, ते आधी दाखवा, मग भूतबीत. त्याची बायको सरोजिनी म्हणते, आहे तोच पुन्हा काढा, नवी हिरॉईन घेऊन, रंगीत. हळद राखेसारखी दिसते, ही काय नवरी झाली? धर्मराज म्हणाला, तुला भुतापेक्षा साडीचंच पडलंय. ती म्हणाली, तुमच्या भुताला निदान रोज शालू नेसायला मिळतो.

तिघं दोन तास भांडले. मला करमणूक झाली.

गुरुवार, २० मार्च

करमणूक संपली. सकाळी पाव आणायला गेलो की कान्हा डंपर थांबवून विचारतो, आला का दुसरा? दुपारी धर्मराज डबा खाता खाता विचारतो, काय झालं बे आपल्या भागाचं, नुसताच बसून राहायलास. बाजारात सरोजिनी. जसा काही मी तो खिशात घालून फिरतोय. कॅसेटच्या खोक्यावर निर्मात्याचा पत्ता होता, तिथे तिघांच्या मागण्या लिहून पत्र टाकलं. अक्षर चांगलं यावं म्हणून चार वेळा लिहिलं. आज परत आलं, ‘या पत्त्यावर कोणी नाही’. शेठनाही काही माहीत नाही, त्यांनी कॅसेट पनवेलला जुनी घेतलेली.

चीड त्याची येते की त्या माणसाने पाटी लावली. पाटी लावली नसती तर कुणी वाट बघितली नसती.

रविवार, २३ मार्च

परत आलेलं पत्र तिघांना दाखवलं. मग कान्हाच्या डोक्यातून एक कल्पना निघाली. त्याची आत्या बयाबाई गावची धवलारीण, म्हणजे लग्नात धवळे गाऊन देवांना आणि घरच्या मेलेल्या माणसांना आमंत्रण देणारी बाई. कान्हा म्हणाला, आत्या नाव घेते न ते येतात, मग सिनेमा का येनार नाय? आपुन आवतन देऊ. टिंगलच होती, पण तो घरी जाऊन हळदीचे तांदूळ घेऊन आला.

आमंत्रण देणाऱ्याचं नाव घ्यावं लागतं, तो यजमान. कान्हाच्या घरी भावाला मुलगी झालेली, सोयर आहे, त्याचं चालत नाही. धर्मराज म्हणाला, आमच्यात आम्ही हे सगळं सोडलंय, मी नुसता बघायलो. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मला काय, मी म्हटलं घ्या माझं. कान्हाने मशीनवर तांदूळ ठेवले आणि आत्यासारखा गळा काढून गायला. मिठागराचे नवरी, नंदकुमारचे घरा ये, उरलेलं घेऊन ये. सरोजिनी हसून हसून खोकायला लागली.

तांदळाचे दोन दाणे मशीनच्या फटीत गेले. काढता काढता बोट कापलं.

रविवार, ३० मार्च

पाटीनंतर मुंग्या आल्या. मी बंद करायला उठलो. मुंग्या हळूहळू बाजूला झाल्या आणि ते दार उघडलं. आत कोणी नव्हतं. नवरी वळली आणि चालायला लागली. मिठागराच्या बांधावरून, मग कॉलनीच्या खांबांमधून. हे खांब मागच्या वर्षीचे आहेत.

पाच मिनिटं चाललं. कान्हाने शिट्टी मारली. धर्मराज म्हणाला, कुणीतरी मागच्या रिकाम्या पट्टीवर शूटिंग करून भरलंय. सरोजिनी म्हणाली, अजून काळंपांढरंच. मग तिघं मलाच बोलले की एवढ्यासाठी आठ वर्षं वाट बघितली का. मी कुठे बघितली? मी तर पंचवीस दिवस झाले आलोय.

कॅसेट मागे गुंडाळायला आज जास्त वेळ लागला. कॅसेट माझ्याच पेटीत असते, कुलूप लावून.

रविवार, ६ एप्रिल

अठरा मिनिटं.

ठेकेदार आला. चिखलातून नुसतं डोकं, एक किंकाळी, गेला. कान्हा म्हणाला, सावकाश सांगितलं होतं. मग नवरीची पाठ दिसली आणि तिच्या पाठीवर एका पुरुषाचा हात, लोटणारा. धर्मराज ओरडला की हात कुणाचा, तेवढंच दाखवलं नाही. आणि रंग आला, पण फक्त हळदीला. बाकी सगळं काळंपांढरं, आणि तिचे दोन्ही तळवे पिवळेधमक. सरोजिनीने तोंड फिरवलं.

शेवटी ती एका घरासमोर उभी राहून काहीतरी विचारते. आवाज नाही. पण पुढच्या घरी विचारलं, त्याच्या पुढच्या घरी विचारलं, आणि तिसऱ्या वेळी आवाज आला. नंदकुमार कुठे राहतो.

सगळे हसले. मीही हसलो. बाकड्याला धरून हसलो.

मंगळवार, ८ एप्रिल

बयाबाईकडे गेलो. ती कोलीम, म्हणजे बारीक जवळा, निवडत होती. ऐकून घेतलं, मग कान्हाला अशा शिव्या दिल्या की मला लिहिता येत नाहीत. मग मला म्हणाली, आवतन तू देलास त बोलवन पन तुलाच करावी लागल. बोलवन म्हणजे बोळवण. यजमानाने पाहुणीला आपल्या उंबऱ्याबाहेर पाट मांडायचा, जेवू घालायचं, ओटी भरायची आणि जा म्हणायचं. गेली की सुटलास. उंबऱ्याच्या आत मात्र घ्यायची नाही. आत आली की ती घरची, मग ती जाणार नाही, जो घरचा कर्ता त्याला घेऊन चिखलातच राहायला जाईल.

मग विचारलं, तुजा उंबरा कुठं हाय?

माळा शेठचा. मी म्हटलं उंबरा नाही. म्हणाली, आईचा असंल ना? आहे, साताऱ्याकडे. पण चार वर्षं गेलो नाही. बापाच्या दहाव्यालाही गेलो नाही, तेव्हा गोव्याला एका ट्रकवर होतो, कळूनही गेलो नाही. कुठल्या तोंडाने जाऊ, आणि बरोबर काय घेऊन?

तिने कोलीम बाजूला ठेवला. जा, म्हणाली, आईकडेच जा.

बुधवार, ९ एप्रिल. पनवेल

गेलो नाही. पनवेलला आलो. स्टँडसमोर खानावळीत कपबश्या विसळायचं काम मिळालं. इथे मला कोण ओळखतंय? आजवर जिथे काही अडलं तिथून उठून गेलो आणि सगळं मागे राहिलं. हेही राहील.

मंगळवार, १५ एप्रिल

राहिलं नाही. दुपारी कान्हाचा डंपर खानावळीपुढे थांबला. खाली उतरायच्या आधीच सांगायला लागला. रविवारी त्या तिघांनी पेटीचं कुलूप तोडून कॅसेट लावली. नवरी पनवेलच्या स्टँडवर होती, बाकावर. मी शेजारीच बसलेला, बिडी ओढत. तिने माझं नाव विचारलं म्हणे, आणि मी उठून चालायला लागलो.

शुक्रवारी मी त्या बाकावर बसलो होतो. बाक ओला होता म्हणून उठलो. बाजूला कोणी नव्हतं.

मी विचारलं, मग तुम्ही बंद का नाही केलं? कान्हा म्हणाला, पुढं काय होतं ते बघायचं होतं ना. म्हणाला, जरा सावकाश चाललंय पण.

बुधवार, १६ एप्रिल. बेलापूर

परत बयाबाईकडे. रडलो. तिने शिव्या नाही दिल्या. म्हणाली, माझा उंबरा घे. मंगळवारी दुपारी करू. स्वयंपाक तुझ्या हाताने. मी म्हटलं चालेल का तुमचा? म्हणाली, दुसरं काय हाय तुज्याकडं?

काही नाही. तोवर इथेच ओटीवर. कॅसेटवर ती परत वळलीय का बघायला हवं. शेठनी खेळ बंद केलाय पण रविवारी लावू देतील, मी हात जोडले.

रविवार, २० एप्रिल

लावली. ती गावाकडे येत नाही. दुसऱ्याच रस्त्याने निघाली. खोपोली, मग घाट. वळणं, दरी, कातळाच्या भिंती. मग घाट संपला. उसाचे मळे. एका बैलगाडीला तिने हात केला नाही, गाडी आपोआप थांबली. मग पट्टी संपली.

धर्मराज म्हणाला, स्टोरी भरकटली. कान्हाला राग. सरोजिनी म्हणाली, जाऊ द्या, गेली ती, बरं झालं, आणि मला म्हणाली, भाऊ, तुम्ही आता जेवा काहीतरी.

गेली. घाट चढून गेली. तिकडे माझं काय काम? आज भात गेला पोटात.

फक्त एक. ते मळे कुठेतरी — पण उसाचे मळे सगळीकडे सारखेच असतात.

मंगळवार, २२ एप्रिल. दुपार

बयाबाई म्हणते, तरी करायचं. ठरलंय ते करायचं.

वरणभात केला. करपला थोडा. उंबऱ्याबाहेर पाट, भोवती रांगोळी, सुपात खण, नारळ, तांदूळ. मी उंबऱ्याच्या आत. बयाबाई सांगेल तसं मागून म्हणायचंय. हाताला काम हवं म्हणून लिहितोय.

साडेबारा. कोणी नाही.

एक. भातावर माश्या. बयाबाई गातेय, हळू. ऊन पाटापर्यंत आलं.

गल्लीच्या टोकाला कोणीतरी माझं नाव विचारतंय.

बाईचा आवाज. पण हा —

आई आहे.

आई. डोक्यावर बोचकं, तीच निळी साडी. पाटाच्या पलीकडे उभी आहे आणि हसतेय. चार वर्षांनी, आणि हसतेय. बयाबाईने तिला विचारलं, पत्ता कुणी दिला. आई म्हणते, कुणी म्हणजे, सुनेने. रविवारी दिवेलागणीला दारात उभी राहिली, हातांना हळद, एकटी पोर. तुमच्या नंदकुमारने बोलावलंय म्हणाली. लेकाने लग्न केलं, कळवलं नाही, पण पाठवली तर खरी, म्हणून मी भाकरतुकडा ओवाळला, पायांवर पाणी घातलं, माप ओलांडून आत घेतली. शेजारणींनी उखाण्यात त्याचं नावसुद्धा वदवून घेतलं तिच्याकडून. मग म्हटलं चल, दोघी जाऊन त्याला घरी घेऊन येऊ.

माझ्याबरोबरच आलीये, म्हणते. मागे नळावर पाय धुतेय, येईल आता.

सूप बयाबाईच्या हातातून खाली. तांदूळ सगळीकडे. मी म्हटलं, म्हणा ना, मी मागून म्हणतो, जा म्हणतो तिला. बयाबाई नुसती मान हलवतेय. पाहुनी असती त बोलवन केली असती रं, म्हणते, घरात घेतलेली सून कशी —

नळ बंद झाला. आई बाजूला सरून तिला वाट दे