दोष काडतुसांचाच

५ डिसेंबर १९८८, सोमवार
दुरुस्ती. काल लिहिलं की सहापैकी चार काडतुसं उडाली. चूक. तीनच. चौथा आवाज मागच्या गल्लीतल्या लग्नातल्या फटाक्याचा होता. घाईत जमेस धरला.

बाकी परिस्थिती खरी आहे. अप्पांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे १८ तारखेला डोंबिवलीच्या शालेय शर्यतींत स्टार्टर मी. अप्पांनी बावीस वर्षं ज्या रिव्हॉल्वरने शर्यती सोडल्या, ते त्यांची नजर अधू झाल्यापासून, म्हणजे ऑगस्टपासून, माझ्या हातात. नळी पुढून बंद, फक्त आवाज होतो. क्रीडा समितीचे सेक्रेटरी म्हणाले, बार नाही झाला तर पंढरी मास्तर शिट्टी घेऊन तयार आहेत. मास्तर हसले. मला आवडलं नाही.

अप्पांचा जुना पुडा संपल्यापासून त्रास सुरू झालाय. म्हणजे दोष नव्या काडतुसांचा. शास्त्रीय पद्धतीने शोधणार.

रोजचा सराव : रिकाम्या रिव्हॉल्वरचे पन्नास खटके. अप्पांनी लहानपणी बजावलेलं, रिकामं चालवायचं नाही. पण तो नियम लहान मुलांसाठी.

६ डिसेंबर, मंगळवार
या काडतुसात पेटणारा मसाला काठात असतो. घोड्याचं टोक काठावर आपटलं की बार. माझी मैत्रीण हेमा, तिने शाळेच्या प्रयोगशाळेतून जाडी मोजायचा व्हर्निअर आणून दिला. काठ मोजला. पातळ वाटला. जुनं एकही शिल्लक नाही, त्यामुळे कशापेक्षा पातळ ते सांगता येत नाही.

ठाण्याच्या दुकानात गेलेले. दुकानदार म्हणाला, ताई, यात आखूड नि लांब अशी दोन येतात. लांब आणली. रिव्हॉल्वरच्या चक्रापुढे डोकावतात, ते फिरतच नाही. उद्या बदलून आणणार.
खटके : साठ.

८ डिसेंबर, गुरुवार
दुसऱ्या कंपनीची आखूड आणली. आत नीट बसत नाहीत, अंगठ्याने दाबावी लागतात. सहापैकी दोन उडाली. निष्कर्ष : दमट हवेने फुगलीत. ओल जावी म्हणून तांदळाच्या डब्यात ठेवली.

रात्री आईच्या सुपात एक सापडलं. म्हणाली, अगं, खडे निवडू की काडतुसं?

अप्पांनी विचारलं, किती उडाली? मी म्हटलं, काडतुसांचा प्रश्न आहे. म्हणाले, रिव्हॉल्वर आण इकडे, बोट फिरवून सांगतो. दिलं नाही. डॉक्टरांनी डोळ्यांना ताण नको म्हटलंय.
खटके : ऐंशी. ताण आला की सराव वाढवावा.

११ डिसेंबर, रविवार
हेमाचा भाऊ मधु काँक्रीटमध्ये खिळे ठोकायच्या बंदुकीचं काडतूस घेऊन आला. जाडी अगदी तीच. म्हणाला, हे घाल, सगळ्या पोरी एकदम कल्याणला पोचतील. मी हातही लावला नाही. अशा बाबतीत मी फार काटेकोर आहे. त्याने वागळे इस्टेटमधल्या, बंदुका दुरुस्त करणाऱ्या विश्रामकाका मिस्त्रींचा पत्ता दिला. काडतुसं सदोष असल्याचं त्यांच्याकडून लेखी घेणार.

१४ डिसेंबर, बुधवार
विश्रामकाकांनी काडतुसांकडे बघितलंही नाही. भिंग लावून रिव्हॉल्वर पाहिलं, जेमतेम अर्धा मिनिट. म्हणाले, ताई, काडतुसं दोन्ही कंपनीची झकास असतात. आत काडतूस नसलं की घोड्याचं टोक भोकाच्या कडेवर आपटतं. सहाही कडांना खळगे पडलेत, दबलेल्या धातूची बुरी भोकात आलीय, म्हणून काडतुसं बसत नाहीत. टोक पण बोथट झालंय. कोणीतरी रिकामं हाणहाण हाणलंय. घरात लहान पोरं आहेत का?

मी म्हटलं, हो.

घरात मीच सर्वांत लहान आहे. म्हणजे ते खोटं नाही.

बुरी त्यांनी घासून काढली. टोक भरायला आठवडा लागेल, तोवर चाललं तर चाललं, म्हणाले.

खटक्यांचे सगळे आकडे या वहीत आहेत. ऑगस्टपासून. बेरीज केली नाही.

१८ डिसेंबर, रविवार
शंभर मीटर, मुली. मी हात वर केला. खट्. पुन्हा खट्. तिसऱ्या वेळी माझे डोळे आपोआप मिटले. ते बघून चार मुली पळाल्या, दोन उभ्याच. एकीची आई ओरडली, अहो बाई, फोडा तरी नाहीतर सोडा तरी!

उरलेल्या अकरा शर्यती पंढरी मास्तरांनी शिट्टीवर सोडल्या.

अप्पा डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून मंडपात बसले होते. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, काडतुसं भिकार, पोरगी काय करणार?

घरी आल्याबरोबर म्हणाले, कागद घे. ठाण्याच्या दुकानदाराविरुद्ध क्रीडा समितीला तक्रार, आणि त्याच्याकडून खरेदी बंद करा अशी मागणी. ते सांगत गेले, मी लिहीत गेले. ‘माझी कन्या अत्यंत शिस्तीची असून तिच्या हातून हत्यारात बिघाड होणे अशक्य आहे.’ ‘अशक्य’ दोनदा अधोरेखित करायला लावलं. केलं. अक्षर सुंदर आलंय. शनिवारी डोळे तपासायला जाताना स्वतः टपालपेटीत टाकणार म्हणाले.

त्या माणसाने लांब काडतुसं एका शब्दाने न बोलता बदलून दिली होती.

अप्पांना खरं सांगायलाच हवं. आत्ता ते दमलेत. उद्या सोमवार, त्यांचा उपास. मंगळवारी आत्या येणार. बुधवारी मला बोलायची तयारी करायला हवी. गुरुवार तयारीच्या उजळणीला.

सांगायचं : शुक्रवार, २३ डिसेंबर, सकाळी साडेसात.