जोडीची फळी

रविवार, ९ मार्च

प्रिय धाकटोबा,

अनेक आशीर्वाद. आम्ही खुशाल आहोत. तुम्हीही असाल, असे धरून चालतो. अक्षर वाकडे दिसले तर दोष पेनाला दे.

एक गोष्ट तुझ्याही ध्यानात आली असेल. जुने पुस्तक हातातून सुटले की नेमके एकाच पानावर उघडते. पुन्हा सोडावे, पुन्हा तेच पान. असे का व्हावे? निवृत्तीनंतर मी विद्यापीठाच्या ग्रंथालय मित्रमंडळात जाऊ लागलो, तेव्हा याचे उत्तर मिळाले, आणि पुन्हा एकदा वर्गावर जाऊन शिकवावे इतका आनंद झाला! पाने पाठीशी शिवून त्यांवर सरस लावलेला असतो. एकच पान वारंवार उघडून दाबले की तिथला सरस तडकतो, दोरा सैल पडतो आणि पाठीला तिथे वाकण्याची सवय लागते. वाचणारा विसरला तरी पाठ विसरत नाही.

आता मंडळाच्या बातम्या. दर रविवारी आम्ही तळघरातल्या खोलीत दान आलेली पुस्तके दुरुस्त करतो. सचिवबाई पूर्वी परिचारिका होत्या. आजही पुस्तकाला हात लावण्याआधी आम्हाला हात धुवायला लावतात. बांधणीचे काम आमचे डिंकशेठ पाहतात. ज्या खंडाचा जोडीदार आलेला नाही, तो 'जोडीच्या फळी'वर ठेवायचा, त्यावर 'जोडी हरवली' अशी चिठ्ठी लावायची आणि वार्षिक सभेपर्यंत वाट पाहायची, अशी आमची रीत आहे. त्यानंतर तो रद्दीत जातो.

गेल्या महिन्यात मी तिथे बाबांच्या घड्याळदुरुस्तीच्या ग्रंथाचा पहिला खंड दिला. घरात जागा नाही म्हणून.

तुला आठवतच असेल, पहिल्या खंडात सगळा मजकूर आणि दुसऱ्यात सगळ्या आकृत्या. वाटण्यांच्या वेळी तू दुसरा सोडला नाहीस, मी पहिला. तुझी वहिनी तेव्हाच म्हणाली होती, "एकानं डोळे घेतले, एकानं चष्मा. आता बसा दोघंही चाचपडत!"

डिंकशेठनी खंड पाठीवर उभा धरून सोडला. लंबकाच्या घड्याळाचे प्रकरण उघडले. पुन्हा सोडला. तेच.

"काय हो सर, परीक्षेला एवढंच होतं का?"

सचिवबाई डोकावल्या. "मग, चाललं का घड्याळ?"

"नाही."

"का बरं?"

"आकृती भावाकडे आहे."

"आणि भाऊ?"

मी फळीवर लावायची कोरी चिठ्ठी त्यांच्यापुढे केली. त्यांनी चिठ्ठी परत माझ्याच हातात ठेवली. "'हरवली' असं मी लिहिणार नाही. जोडी कुठं आहे ते ठाऊक आहे तुम्हाला."

ते घड्याळ म्हणजे बाबांच्या टेबलावर उघडे राहिलेले शेवटचे घड्याळ. आमच्या बाहेरच्या खोलीत ते बंदच टांगलेले आहे. इतकी वर्षे मी ते पुन्हा पुन्हा उतरवले, उघडले, 'आकृती एकोणचाळीस पाहा' इथपर्यंत वाचले आणि पुन्हा भिंतीवर लावले. खंड देण्याआधीच्या खेपेला मात्र लंबक ज्या पातळ पोलादी पट्टीवर लटकतो, ती पट्टीच माझ्या बोटांतून निसटली. उचलायला गेलो, तर चिमटीत धरवेना.

पेन चांगले आहे, धाकटोबा. हात थरथरतो. डॉक्टर म्हणतात, हे वाढतच जाणार. जागेचे मी उगाच लिहिले.

या महिन्याच्या शेवटच्या रविवारी वार्षिक सभा आहे. भाऊ काही यायचा नाही, असे मी सचिवबाईंना सांगून टाकले. त्या म्हणाल्या, "विचारलंत का?" विचारले नव्हते. आज विचारतो आहे.

त्याआधी एक साधा प्रयोग कर. तुझा खंड टेबलावर पाठीवर उभा धर. आधी दोन्ही पुठ्ठे सोड, मग पाने. मुद्दाम कलवू नकोस. भलत्याच आकृतीवर उघडला, तर टपालाने पाठवून दे. मंडळ आभारी राहील. आकृती एकोणचाळीसवर उघडला, तर मात्र टपालाने पाठवू नकोस, तूच घेऊन ये. पट्टी बसवायला तुझा हात लागेल. मजकूर मी वाचून दाखवीन.

पहिल्या खंडासह वाट पाहणारा,
तुझा दादा