तुर्की बेगमसाहेबांची दुपार

हैदराबाद, १० मार्च १९५२

सौ. मल्लम्मास,
ईरण्णाचा शरणार्थ. बसवण्णाच्या दयेनं मी खुशाल हाय.

मी लिहिल्यापरमानं इथं माळीकाम करतो त्या तुर्की बेगमसाहेबांच्या बागेसारखी बाग तू मुडबीत आपल्या परसात केलीस, वाचून बरं वाटलं. चार सरू, मधी हौद, कडेनं गुलाब.

पण तू म्हणतीस, रोज दुपारी एक गोरी बाई हौदाच्या काठी बसतीया अन् विचारतीया, "पानी कायकू रुका, ईरण्णा?"

बेगमसाहेब मला रोज हेच विचारायच्या. त्या संक्रांतीला वारल्या. तू काळजी करशील म्हणून कळवलं न्हाई.

भिऊ नको. त्या मायाळू होत्या. पाटाचं पाणी वाहतं ठेव. म्हाताऱ्या अव्वाला, माझ्या आईला, तिकडं एकटी बसू देऊ नको. रजा मिळाली की निघतो.

तवर एवढंच कळव, त्या हौदापाशीच बसत्यात, का उंबऱ्यापतुर आल्यात?

तुझा,
ईरण्णा